मामीच्या गाडीचा क्लच

आमच्या ग्रुपमधले चौघं गेल्या दोन वर्षांत ऑटोमॅटिकवर गेले. कारण एकच : हिंजवडी! सकाळी वाकडपासून फेज टूपर्यंत क्लच दाबून दाबून डाव्या पायाचं जे काही होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. 'आता मॅन्युअल कोण घेतं यार?' हे वाक्य आमच्या प्रत्येक वीकेंड भेटीत एकदा तरी होतंच. त्यामुळे सत्तरीला टेकलेला माझा मामा जेव्हा अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, 'गाडीतला ऑटोमॅटिक काढून टाकतोय, मॅन्युअल बसवतोय,' तेव्हा मला वाटलं नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

नेटवर्क व्यवस्थित होतं. प्रॉब्लेम मामीचा होता. कारण गाडी मामीची होती.

मामा सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि १९७८ मध्ये मिशिगनला गेला तो तिकडचाच झाला. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांत उभी हयात गेली. लग्न होऊन मामी मिरजेहून तिकडे गेली तेव्हा तिला सायकलपलीकडे काही येत नव्हतं. आणि तिकडे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. म्हणून १९८४ मध्ये मामाने एक सेकंडहँड गाडी घेतली, मुद्दाम ऑटोमॅटिक बघून. १९६६ ची फोर्ड मस्टँग, फिकट निळी.

गाडीवेड्यांनी इथे एक मिनिट शांतता पाळली तरी चालेल. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये मस्टँग पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि अमेरिकेतली तरुण पोरं येडी झाली. एकट्या ६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांवर गाड्या खपल्या. मामीच्या गाडीत २८९ क्युबिक इंचांचं व्ही-एट इंजिन आहे. आपल्या हिशेबात ४.७ लिटर, म्हणजे ऑफिसच्या पार्किंगमधल्या चार हॅचबॅकची इंजिनं एकत्र केली तर साधारण एवढं होईल. त्याला जोडलेला फोर्डचा सी-फोर, तीन गिअरचा ऑटोमॅटिक.

पण मामीच्या लेखी ही सगळी माहिती फिजूल. ती ह्या गाडीवर शिकली, ह्याच गाडीने हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला गेली, दोन्ही पोरांना पाळणाघरात सोडायला गेली. पुढे घरात टोयोटा आली, पण उन्हाळ्यात मामी अजूनही निळी गाडीच काढते. (थंडीत तिकडे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. जुन्या गाडीचा पत्रा त्याने पार खाऊन टाकला असता, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल मॅडम पांघरूण घेऊन झोपतात.)

'तुमचा शौक ठीक आहे हो,' मामी म्हणाली, 'पण मग मी काय चालवायचं?'

मामाचं म्हणणंही अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट कागदावर काढले, आता एकदा स्वतःच्या हाताने गिअर टाकायचाय, गुडघे शाबूत आहेत तोवर. शेवटी मामीने दोन अटी घातल्या. एक, माझ्या गाडीला नवीन भोकं पाडायची नाहीत आणि काढलेला प्रत्येक नट नाव लिहून डब्यात. दोन, ती मला चालवता आली पाहिजे. नाही आली, तर सगळं परत होतं तसं.

मामीची उंची पाच फूट. वय ६६. डावा गुडघा कुरकुरणारा. म्हणजे दुसरी अट किती जड होती ते कळलंच असेल.

गेल्या वर्षी नव्हे, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून २०२४ मध्ये, मी दहा आठवड्यांसाठी तिकडे गेले. नायगारा वगैरे बघायचा प्लॅन होता. पाहिला तो मस्टँगचा खालचा भाग.

नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही

आपण क्लच 'दाबतो', पण दाबल्यावर पुढे काय होतं ह्याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? मी तरी कधी केला नव्हता. थोडक्यात सांगायचं तर इंजिनच्या मागे एक जड चकती फिरत असते, ते फ्लायव्हील. त्याला क्लच प्लेट चिकटवून ठेवणारी एक जबरदस्त स्प्रिंगवाली प्रेशर प्लेट असते. आपण पाय दाबला की एक फोर्क हलतो, तो रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, स्प्रिंग दबते, प्लेट सुटी होते आणि गिअर बदलता येतो. आता गंमत बघा. पायाखालचं पेडल पाच-सहा इंच खाली जातं, आणि आत ते बेअरिंग अर्धा इंचसुद्धा सरकत नाही. उरलेलं अंतर गेलं कुठे? ते जोर होऊन जातं. पहार लावून दगड उचलतात ना, तेच. पाय आणि बेअरिंग यांच्यामध्ये जे दांडे, पट्ट्या, स्प्रिंगा असतात, ते म्हणजे एकामागोमाग लावलेल्या पहारीच. ह्यालाच क्लच लिंकेज म्हणतात.

ऑटोमॅटिक गाडीत ह्यातलं काहीच नसतं. म्हणजे गिअरबॉक्स बदलणं हा सोपा भाग. जड असतो, पण सोपा. बॉक्स मामाने भंगारवाल्याकडून आणला होता, १९९० च्या एका ठोकलेल्या मस्टँगमधला टी-फाइव्ह. बोर्ग-वॉर्नर कंपनीचा पाच गिअरचा बॉक्स. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह, त्यामुळे हायवेवर इंजिन बोंबलत नाही. जुन्या मस्टँगवाल्यांत हा बॉक्स भलताच लोकप्रिय आहे. खरी डोकेदुखी पुढे : १९९० च्या गिअरबॉक्सला १९६६ च्या गाडीतला पाय कसा पोचवायचा?

तीन रस्ते होते. पहिला हायड्रॉलिक, म्हणजे ब्रेकसारखं तेलावर चालणारं. पाय हलका लागतो, रेडिमेड किट मिळतं. पण त्याचा सिलिंडर बसवायला इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला भोक पाडावं लागतं. शिवाय काही किटमध्ये बेअरिंगच तेलावर चालणारं असतं आणि ते गिअरबॉक्सच्या तोंडाशी आत बसतं. ते गळलं की अख्खा बॉक्स खाली उतरवा. दुसरा रस्ता केबलचा. टी-फाइव्ह ज्या गाडीतून आला तिथे केबलच होती. पण जुन्या गाडीत ती न्यायची म्हणजे पुन्हा भिंतीला भोक, आणि वर एक्झॉस्टच्या गरम पाइपापासून तिला वाचवत फिरवायची. तिसरा रस्ता सगळ्यात जुना. दांड्यांचा. १९६६ मध्ये ज्या मस्टँग मॅन्युअल म्हणून विकल्या गेल्या, त्यांच्यात फोर्डने बसवलं होतं ते.

अट क्रमांक एक. त्यामुळे तिसरा रस्ता.

आणि इथे मला फोर्डवाल्यांचं कौतुक वाटलं. मामीच्या गाडीच्या त्या भिंतीवर, पेडलच्या जागेच्या समोर, एक झाकण होतं. मामाने ते काढलं. मागे भोक तयार! चासीच्या पट्टीवर ब्रॅकेट लावायला लागणारी भोकंसुद्धा होती. बॉडी एकच काढायची आणि गिऱ्हाईक मागेल तो बॉक्स बसवायचा, असा हिशेब. अठ्ठावन्न वर्षं ती भोकं क्लचची वाट बघत बसली होती.

एका भोकावर मात्र मांडवली करावी लागली. गिअरची दांडी जिथून वर यायला हवी होती, तिथला मधल्या उंचवट्याचा पत्रा कापणं भाग होतं. मामीने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, 'कार्पेटखाली आहे ना? मग एक चालेल.' मामाने कापलेला पत्र्याचा तुकडासुद्धा नाव लिहून डब्यात ठेवला!

झेड-बार नावाचं प्रकरण

ह्या जुन्या लिंकेजचा हिरो म्हणजे झेड-बार. पोकळ नळीचा तुकडा, दोन्ही टोकांना वेगवेगळ्या दिशांना निघालेले दोन हात. नळीचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकवर एका गोळ्यावर टेकतं, दुसरं चासीवरच्या ब्रॅकेटमध्ये. पेडलवरून येणारी दांडी एका हाताला ढकलते, नळी गोल फिरते, दुसरा हात खालच्या दांडीला ढकलतो आणि ती दांडी फोर्कला.

मी विचारलं, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ एक दांडी पेडलपासून फोर्कपर्यंत का नाही? मामाने मला बॉनेटपाशी उभं केलं आणि गाडी चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दिला. इंजिन एका बाजूला हललं. चांगलं दिसेल एवढं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, ते हलणारच. पेडल बॉडीला, फोर्क इंजिनला. सरळ दांडी लावली असती तर इंजिन प्रत्येक झटक्याला क्लचशी खेळलं असतं. झेड-बार एक पाय इंजिनवर आणि एक पाय चासीवर ठेवून उभा असतो, त्यामुळे हलणं पोटात घेतो. दोन घरांत अडकलेल्या माणसासारखं. (हे माझं, मामाचं नाही. मामा असलं काही बोलत नाही.)

आता भानगड अशी की टी-फाइव्हबरोबर आलेलं क्लचचं आवरण आणि फोर्क केबलसाठी बनवलेले. ऐंशीच्या दशकातल्या मस्टँगमध्ये केबल फोर्कच्या टोकाला पुढे ओढते. जुन्या मस्टँगमध्ये दांडी फोर्कच्या टोकाला मागे ढकलते. टेकू वेगळ्या जागी, म्हणून दिशा उलटी. म्हणजे झेड-बार हवा तर आवरण आणि फोर्क जुन्या पद्धतीचे हवेत. आणि त्या आवरणाला टी-फाइव्ह जुळत नाही, म्हणून मध्ये जाड अ‍ॅल्युमिनियमची अ‍ॅडाप्टर प्लेट. एक गोष्ट जुनी ठेवायची तर तिच्या आजूबाजूला चार गोष्टी नव्या आणाव्या लागतात, हे माझ्या आईच्या वाड्याच्या दुरुस्तीत मी पाहिलं होतं. तस्संच.

फ्लायव्हीलचीही एक गोम. ह्या इंजिनचा तोल फ्लायव्हीलवर मुद्दाम ठेवलेल्या जास्तीच्या वजनाने साधलेला असतो. जुन्या २८९ ला २८ औंस-इंचांचं लागतं, ऐंशीच्या दशकापासूनच्या ५.० लिटर मस्टँगना ५० चं. दिसायला सारखीच. चुकीचं बसलं तर अख्खी गाडी थरथरते आणि बेअरिंगची वाट लागते. मामाने दुकानातून आलेल्या पहिल्या फ्लायव्हीलचा नंबर भिंगातून वाचला आणि ते पॅकिंगसकट परत पाठवलं. ऑर्डर २८ ची, आलं होतं ५० चं.

पेडल बसवणं हा माझ्या आयुष्यातला सर्वात अपमानास्पद योगासनाचा प्रकार होता. ह्या गाडीत ब्रेकचं आणि क्लचचं पेडल एकाच दांड्यावर झुलतात, त्यामुळे डॅशबोर्डखालचा पूर्ण सांगाडा बदलावा लागला. मामाची पाठ वाकेना, म्हणून मी. डोकं पेडलपाशी, पाय सीटच्या पाठीवर, तोंडात टॉर्च. जुन्या प्लॅस्टिक बुशांऐवजी मामाने रोलर बेअरिंग घातली होती. पेडल बोटाने ढकललं तरी डुलत होतं. अर्थात अजून त्याला काही जोडलेलं नव्हतं!

ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद, दोन पेडलांएवढं. मामी गॅरेजमध्ये डोकावली, ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत झालं होतं. 'माझा पाय,' एवढंच म्हणाली आणि स्वतःच डब्यात ठेवून गेली.

४४ पाउंड

झेड-बार नवीन मागवला होता. जुन्या गाड्यांचे पार्ट पुन्हा बनवणाऱ्या एका कंपनीचा. आला तोच किंचित तिरपा. खालच्या हाताचं वेल्डिंग थोडं आत, त्यामुळे खालची दांडी फोर्कला सरळ न ढकलता तिरकी ढकलायला लागली. बॉक्स वेगळा असल्यामुळे बेअरिंग आणि फोर्क विसाव्याला जिथे असायला हवेत तिथून थोडे हललेले. म्हणजे रेडिमेड दांडीची लांबीही चुकली.

आपल्याकडे एखादा मिस्त्री म्हणाला असता, 'मॅडम, ठोकून बसवतो.' मामाने आटे पाडलेला गज आणला, दोन्ही टोकांना फिरत्या गोळ्याचे जॉइंट लावले आणि हव्या त्या लांबीची दांडी स्वतःच केली. मग तासन् तास एकच खेळ. मी सीटवर बसून पेडल दाबायचं, अर्ध्यावर थांबायचं, मामाने खाली झोपून दांडी आणि फोर्कमधला कोन बघायचा. अर्ध्या वाटेवर तो काटकोनाच्या जवळ हवा. काटकोन सुटला की जोर वाया जातो, मामा म्हणाला, आणि वाया गेलेला जोर कुणाच्या तरी गुडघ्यातून येतो.

कुणाच्या गुडघ्यातून ते बोलायची गरज नव्हती.

पहिल्यांदा सगळं जोडून झालं त्या संध्याकाळी मामी बाहेर आली, बसली, पेडल दाबलं. दाबलं म्हणजे अर्ध्यापर्यंत. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून जोर लावला. खाली गेलं. ती काहीच बोलली नाही. आत गेली आणि बाथरूममधला जुना काट्याचा वजनकाटा घेऊन आली. 'मोजा.'

वजनकाटा पेडलवर टेकवून त्याच्यावर पाय द्यायचा, अशी आमची लॅबोरेटरी. आकडा आला ४४ पाउंड. म्हणजे २० किलो, प्रत्येक वेळी. मामीने लॅबमध्ये पंचवीस वर्षं आकडे वाचले होते. तिने तो गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने तारखेसकट लिहिला. मामाच्या चेहऱ्यावर तो अगदी रिपोर्ट हातात मिळालेल्या पेशंटसारखा दिसत होता.

त्याने प्रेशर प्लेट जुन्या पद्धतीची घेतली होती, तीन बोटांची, कारण ६६ मध्ये तीच होती. हौस! आता ती काढायची म्हणजे अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली. दोन वीकेंड गेले. त्या काळात जेवणाच्या टेबलावर दोघंही फक्त माझ्याशी बोलत होते. 'मामीला सांग आमटी छान झालीये.' 'मामाला सांग अजून आहे.' मध्येच एका रात्री मामा मला हळूच म्हणाला, 'नाही जमलं तर सी-फोर परत बसवतो. शब्द दिलाय.' सत्तराव्या वर्षी माणूस गाडीखालून निघताना आधी एका कोपरावर येतो, मग थांबतो, मग दुसऱ्या. ते बघत असताना 'परत बसवतो' म्हणजे काय ते मला नीट कळलं.

नवी प्लेट डायफ्रॅमवाली. एका मोठ्या बशीसारखी स्प्रिंग, जी अर्ध्या वाटेनंतर स्वतःच मऊ पडते. ती बसली, जोडणी झाली, मी पेडल दाबलं. लोण्यासारखं खाली गेलं! आणि खालीच राहिलं. वर येईचना.

मामा आधी गोंधळला, मग कपाळावर हात मारून हसायला लागला. डॅशबोर्डखाली पेडलला एक दणकट मदतनीस स्प्रिंग असते. जुनी प्लेट जड, म्हणून अर्ध्या वाटेनंतर ती पेडलला खाली जायला मदत करते. मामाने ती मामीसाठी म्हणून आवर्जून ठेवली होती. पण डायफ्रॅमला खाली मदतच लागत नाही, आणि त्याचा परत ढकलण्याचा जोर तेवढा नसतो की ह्या स्प्रिंगला हरवेल. मदतनीसच पाय धरून बसला. परत माझं योगासन, परत तोंडात टॉर्च. स्प्रिंग काढली आणि पेडल टुणकन वर आलं.

काटा : ३५ पाउंड. मामीने लिहिलं. मान हलवली. अजून.

उरला झेड-बार. त्याच्या खालच्या हातावर दांडी जिथे जोडतात ते भोक नळीच्या जवळ सरकवलं की पहार जास्त ताकदीची होते आणि पाय हलका पडतो. फुकट काही मिळत नाही हा मात्र नियम. जोर वाचला तेवढं अंतर कमी होतं आणि फोर्क कमी सरकतो. मामाने नव्या झेड-बारला (गाडीला नव्हे, त्यामुळे अट शाबूत!) आत दुसरं भोक पाडलं. काटा २८ वर. मामी पहिल्यांदा हसली. मामाने गाडी चालू करून रिव्हर्स टाकला आणि गिअरबॉक्समधून असा काही कर्रर्र आवाज आला की शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं. क्लच पूर्ण सुटतच नव्हता.

तिसरं भोक, दोन्हींच्या मधलं. ३१ पाउंड, १४ किलो. रिव्हर्स गुपचूप पडला. मामाने दांडी फिरवून पेडलला वरच्या बाजूला एक इंचाचा प्ले ठेवला. तो नसेल तर बेअरिंग कायम प्लेटला घासत राहतं आणि लवकर जातं. मग काढघाल उरकली : ऑटोमॅटिकचं तेल थंड करायला रेडिएटरला गेलेल्या नळ्या बंद केल्या, आणि स्टार्टरची वायर, जी आधी फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्ये गाडी चालू होऊ द्यायची, ती क्लच पेडलच्या स्विचवर घेतली. म्हणजे पाय दाबल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही. हा स्विच मामीसाठी.

भिंतीवरच्या ३१ पुढे मामीने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

'सोड, सोड, हळू सोड!'

मामीला क्लच शिकवायला मामा बसला असता तर घटस्फोट झाला असता. म्हणून मी बसले. उन्हाळ्याची सुट्टी, शाळेचं रिकामं पार्किंग, मामी उशीवर, सीट पूर्ण पुढे. कोथरूडच्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या काकांनी माझ्यावर जे जे ओरडले होते, ते सगळं मी ओरडले. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. मामी चिडून म्हणाली, 'चाळीस वर्षं चालवतेय मी ही गाडी. मला ओळखत नाही का ती?'

पण ४.७ लिटरचा एक फायदा असतो. क्लच अगदी सावकाश सोडला तर अ‍ॅक्सिलरेटर न देताही ही गाडी चालायला लागते. मी तिला सांगितलं, उजवा पाय विसर. फक्त डावा. प्लेट कुठे पकडते तेवढं शोध. वीस मिनिटं ती तेच करत होती. दाब, सोड, गाडी एक फूट पुढे. दाब, सोड. मग एकदा गाडी पुढे गेली आणि जातच राहिली. मामीने दुसरा टाकला. पार्किंगच्या टोकाला वळताना तिने माझ्याकडे बघितलंच नाही, इतकी ती कानाने ऐकत होती.

घरी आल्यावर गुडघ्याला बर्फ लावला. मी भिंत पाहिली. प्रश्नचिन्ह होतं तिथेच होतं.

ऑगस्टचा तिसरा शनिवार म्हणजे डेट्रॉइटमध्ये सण असतो. वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून दरवर्षी (२०२० चा कोविड सोडून) वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत रस्ताभर गाड्या, फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली जनता. २०२४ मध्ये तो दिवस १७ ऑगस्टला आला. मामाला तिथेच जायचं होतं, स्वतः गिअर टाकत. नवाकोरा टी-शर्ट वगैरे.

आता जत्रेत काय होतं, तर ट्रॅफिक जॅम. हिंजवडीवाल्यांनो, अगदी आपल्यासारखा! एक गाडी पुढे, थांबा. एक गाडी पुढे, थांबा. पहिला तास मामा राजासारखा. दुसऱ्या तासाला बोलणं कमी झालं. मग प्रत्येक सिग्नलला तो न्यूट्रल करून डावी मांडी चोळायला लागला. बर्मिंगहॅमच्या पुढे एका पेट्रोल पंपावर त्याने गाडी घेतली आणि 'कॉफी पिऊन येतो' म्हणून उतरला. कॉफी पिऊन आला तर मामी ड्रायव्हर सीटवर उशी बसवत होती.

'बसा,' ती म्हणाली. 'वाटेत पाय ठीक झाला तर सांगा.'

परतीच्या वाटेवर ती दोनदा बंद पाडून, एकदा जोरात हिसका देऊन, पण गाडी घरी घेऊन आली. फुटपाथवरचा एक म्हातारा ओरडून काहीतरी म्हणाला. मामाने काच खाली करून त्याला सांगितलं, 'इट्स हर कार.'

मी तीन दिवसांनी निघाले. गॅरेजच्या भिंतीवर ३१ च्या पुढचं प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. खाली नवी नोंद होती : झेड-बारचा आतला बुश कुरकुरतो, ग्रीस लावणे.

सी-फोर अजून बेसमेंटमध्ये आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिठ्ठीसकट. मध्यंतरी त्याला गिऱ्हाईक आलं होतं. मामाने विचारलं, विकून टाकू का? मामी म्हणाली, 'राहू दे. तुमच्या गुडघ्यांचं काय सांगावं?'